चहा धरायचा का?

आमच्या घरात सगळ्यात जास्त पाणी पितो तो कूलर. एप्रिल लागला की हॉलच्या खिडकीत त्याला बसवायचं, गवताच्या नव्या ताट्या लावायच्या, पंपाला दोन शिव्या घालायच्या आणि तिथून पावसाचा जम बसेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ बादल्या-बादल्या पाणी पाजायचं. टाकी कोरडी पडली की तो गरम हवा फेकायला लागतो, म्हणजे स्वतःच सांगतो की बाबांनो, मला तहान लागली. माणसात अशी सोय नाही. माणूस थेट रात्री दोन वाजता कमरेवर हात ठेवून ओरडतो.

मी ओरडलो ते नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी. आधी वाटलं गॅस असेल, मग वाटलं उसण भरली, मग काहीच वाटेनासं झालं, कारण वाटायला जी शुद्ध लागते तीच राहिली नव्हती. सकाळी सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कागद पाहून एखाद्या क्षुल्लक फाइलवर सही करावी तशा आवाजात सांगितलं, "मुतखडा. पाच मिलिमीटर. एवढा बहुतेक वेळा आपला आपणच निघून जातो. पाणी प्या."

"किती?"

"दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला पाहिजे, त्या हिशेबानं प्या."

मी एकतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली. जमा तपासली, खर्च तपासला, गोदामातल्या खुर्च्यांच्या पायांपर्यंत मोजणी केली. पण जमेची बाजू मोकळी सोडून फक्त खर्चाचं उद्दिष्ट ठरवून देणारा अंदाजपत्रकाचा नमुना पहिल्यांदाच पाहत होतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात जमा आणि खर्चाच्या मधे केवढी गळती आहे! २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ अंश पाहिलेत. २०२४ च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले होते. ते यंत्रच चुकलं होतं असं नंतर निघालं, पण मधल्या काळात एकाही नागपूरकरानं त्या आकड्यावर अविश्वास दाखवला नाही. "असंनच ना जी," एवढंच म्हणाले सगळे. तर अशा गावात, आत टाकलेलं पाणी कपाळातून, पाठीतून, मानेतून परस्पर निघून जातं आणि ठरल्या वाटेनं किती येईल याचा भरवसा नाही. डॉक्टरांपुढे मी हा मुद्दा ठेवला. ते म्हणाले, "उन्हाळ्यात तीन, साडेतीन लिटर तरी प्या. आणि लघवी गाळून करा, खडा सापडला तर तपासायला आणा."

घरी आल्यावर गाळण्याचा प्रश्न आधी निकाली निघाला. बायकोनं चहाची जुनी गाळणी दिली, तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला, आणि "ही जर मले ओट्यावर दिसली ना, तर पाहा," असं सांगून ती बाथरूमच्या खिळ्याला टांगली. पिण्याचा प्रश्न मात्र तिनं स्वतःच्या हातात घेतला.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यातल्या तारखेच्या चौकोनात दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, धुणंवाली कधी आली नाही, असा सगळा राज्यकारभार लिहिलेला असतो. त्याच चौकोनात आता माझे ग्लास आले. एक ग्लास, एक रेघ. चार रेघांवर पाचवी आडवी. रात्री दहाला हिशेब बंद. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांवर हिरव्या शाईनं आक्षेप घेतले होते, आता माझ्या घशाखाली काय गेलं याची तपासणी एक बाई पेन्सिलीनं करणार होती.

पहिला वाद ग्लासाचा. आमच्याकडे स्टीलचे अठरा ग्लास आहेत आणि दोन सारखे नाहीत. प्रत्येकावर कोणाचं तरी नाव कोरलंय. हा आत्याबाईंकडून लग्नात, तो वास्तुशांतीत, हा कोणाच्या बारशाचा, आणि एक तर कोणाचा आहे तेच माहीत नाही, आमचं आडनावही नाही त्यावर. आता एक ग्लास म्हणजे किती? मी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुतली, कोपरा कापला, पाणी भरलं आणि मापाला बसलो. वास्तुशांतीवाल्या ग्लासात दोनदा भरून वर तीन घोट उरले, म्हणजे सव्वादोनशे मिलीच्या आसपास. आत्याबाईंचा ग्लास तीनशेचा. बारशाचा जेमतेम दीडशे. बायकोनं वास्तुशांतीचा ग्लास प्रमाण मानला आणि चौदा रेघा ठरवल्या. मी "बरं" म्हटलं आणि दोन दिवस बारशाच्या ग्लासानं पाणी प्यायलो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हे लेकराच्या ग्लासानं काहून पिऊन राहिले तुम्ही?" तेव्हापासून तो ग्लास दिसला नाही.

खरा खटला उभा राहिला तो चहावरून. मी दिवसाला सहा कप पितो. कप शंभर मिलीचा धरला तरी सहाशे मिली, म्हणजे जवळजवळ तीन रेघा. मी त्या मागितल्या.

"चहा नाही धरायचा. चहानं उलट पाणी बाहेर पडते."

"मला बाहेरच पाडायचंय ना!"

यावर ती क्षणभर थांबली. माझ्या संसारातला हा दुर्मीळ क्षण होता. मग तिनं पुण्याला लेकीला फोन लावला. लेक आहारशास्त्र शिकली आहे आणि आमच्या घरात तिचं स्थान उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं आहे. तिनं सांगितलं की चहा-कॉफीनं शरीर सुकतं हे ज्यांना सवय आहे त्यांच्या बाबतीत काही खरं नाही. २०१४ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला रोज कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांना काही दिवस चार-चार कप कॉफी आणि काही दिवस तेवढंच पाणी देऊन तपासलं, फरक पडला नाही. २०१६ साली तर तेरा पेयं रांगेत लावली. माणसांना प्रत्येक वेळी एक-एक लिटर पाजलं आणि पुढचे चार तास लघवी मोजली. गरम चहा, गार चहा, कॉफी, कोला, संत्र्याचा रस, सगळे पाण्याच्याच पंगतीत बसले. शरीरात पाण्यापेक्षा जास्त टिकलं ते दूध आणि ओआरएस.

चार तास दुसऱ्याची लघवी मोजणाऱ्या त्या शास्त्रज्ञांबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. हाही एक प्रकारचा लेखापरीक्षकच.

"ऐकलंस? चहा धरायचा."

"त्या लोकांचा चहा अन् तुमचा चहा एक आहे का? तुमच्यात दीड-दीड चमचा साखर असते."

खंडपीठानं मधला निकाल दिला. चहा पाणी म्हणून धरावा, पण बाबांच्या खड्याला चहातलं ऑक्झलेट (बहुतेक खडे ज्यातून बनतात तो क्षार) फारसं मानवणार नाही, दुधानं त्याला थोडा आळा बसतो हे खरं, तरी सहाचे तीन करावेत. म्हणजे मी तीन रेघा मागायला गेलो आणि तीन कप घालवून आलो. सरकारी नोकरीत याला 'अपिलात शिक्षा वाढणे' म्हणतात.

त्याच फोनवर लेक एक गोष्ट सांगून गेली, ती मला रात्रभर पुरली. दिवसाला आठ ग्लास, दिवसाला अडीच लिटर, हे जे जो तो सांगत फिरतो, त्याचा एक उगम १९४५ सालच्या अमेरिकेतल्या पोषण मंडळाच्या शिफारशीत सापडतो. त्यात अडीच लिटरचा आकडा होता. आणि त्याच्याच पुढे लिहिलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातच असतं. पुढचं वाक्य कोणी वाचलंच नाही! मला हसूही आलं आणि भरूनही. कारण माझी सबंध नोकरी या एका वाक्यावर चालली होती. परिपत्रकातलं पहिलं वाक्य सगळं ऑफिस वाचतं, 'परंतु'च्या पुढचं फक्त आम्ही.

तर मी 'परंतु' घेऊन उभा राहिलो. अन्नातलं पाणी धरा. टरबुजात ९२ टक्के पाणी, काकडीत ९५. अमेरिकेनं पुरुषाला सगळं मिळून दिवसाचे ३.७ लिटर धरलेत आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा जेवणातून येतो म्हटलंय. युरोपचं २०१० सालचं मापन तर सगळं मिळून अडीच लिटरच आहे. मी म्हटलं, आपण युरोपच्या नियमानं चालू.

"युरोपात कूलर लावतात का?" बायकोनं विचारलं.

टरबूज तेवढं मंजूर झालं, पण खाल्ल्याचा पुरावा द्यायचा. मी साली ताटात मांडून ठेवायला लागलो. दुपारी तीन वाजता, बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही, आत कूलर घोंघावतोय, आणि एक निवृत्त माणूस ओट्यावर टरबुजाच्या सात साली एका रांगेत लावून बायकोच्या सहीची वाट पाहतोय. ती आली, साली मोजल्या, एक उचलून पाहिली. "याले लाल राहिलं आहे," म्हणाली, आणि अर्धीच रेघ ओढली.

पातळ पदार्थांच्या यादीवर मात्र माझं एकही बिल पास झालं नाही. रविवारी चौकात पोहे खाल्ले, त्यावर तर्री दोनदा मागून घेतली होती, तिची एक रेघ मागितली. "तर्री म्हंजे तेल." पाटोडीचा रस्सा मागितला. "त्यात मीठ पाहा किती आहे. मिठानं खडा वाढते, डॉक्टर म्हणाले ना?" म्हणाले होते. झणझणीत सावजीचा तर उल्लेखही नको होता, पण मी भाच्याच्या वाढदिवसाला जेवून आलो आणि सवयीनं बोलून गेलो की रस्सा दोन वाट्या प्यायलो. तिनं पेन्सिल घेतली. मला वाटलं आता दोन रेघा येणार. तिनं लिहिलेलं पाहिलं तर वजा एक. "नाकाडोळ्यातून जे गेलं ते वजा करा न." यावर कोणत्या नियमाखाली दाद मागावी ते मला आजही कळलेलं नाही.

ताक मंजूर, मीठ न घालता. पन्हं एक ग्लास मंजूर, कारण ते तिनं स्वतः केलेलं होतं. संत्र्याच्या रसाचा मी आग्रह धरला, जी.आय., म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आपल्या गावाचं फळ आहे म्हटलं. पण मे महिन्यात नागपुरात झाडावरचं संत्रं कुठलं? बाटलीतलं मिळतं, आणि बाटलीवरच्या साखरेच्या आकड्यावर तिचं बोट आधीच ठेवलेलं होतं. शनिवारी मात्र गंमत झाली. मी रसवंतीवर दोन ग्लास, लिंबू-आलं मारून, असं सांगितलं आणि तिनं एक अक्षर न बोलता दोन रेघा ओढल्या. इतक्या सहज मंजुरीनं खरं तर माझ्यासारख्याला शंका यायला पाहिजे होती.

फुटाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत एव्हाना बातमी पसरली होती. मुतखडा हा असा आजार आहे की त्याचं औषध माहीत नसलेला माणूस विदर्भात जन्मायचाय. एकानं कुळथाचं कढण सांगितलं, एकानं पानफुटीचं पान रोज उपाशीपोटी, एकानं बार्ली. आणि उरलेल्या सगळ्यांनी, आवाज खाली आणून, बीअर.

"दोन बाटल्या मार बे. खडा सरळ फुटाळ्यात!"

मी लेकीची २०१६ ची यादी आठवून पाहिली. तेरा पेयांत बीअरही होती आणि ती पाण्यासारखीच ठरली होती! ही शास्त्रीय माहिती मी घरी जमेल तितक्या निर्विकार चेहऱ्यानं मांडली. बायकोनं काही न बोलता फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, तो एक लिटरचा प्रयोग होता, परवाना नव्हता."

ओआरएसचंही असंच झालं. दूध आणि ओआरएस जास्त टिकतं हे ऐकून मी दहा पाकिटं घेऊन आलो. खंडपीठ रागावलं. ते तहानेचं सरबत नाही, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं मीठपाणी गेलं तर ते भरून काढायचं माप आहे. लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, असं ग्रॅमवर तोललेलं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी ड्रमातून लोकांना पाजून कितीतरी जीव वाचवले. हे ऐकल्यावर पाकिटं फोडून मजेत पिणं मलाच बरं वाटेना. ती औषधाच्या डब्यात गेली.

आता माझ्या 'मार्च एंडिंग'चं सांगतो. एक दिवस सीताबर्डीच्या बाजारात कामं होती आणि मी मुद्दामच कमी प्यायलो, कारण बाजारात निघालेल्या मुतखड्याच्या माणसाला शहराचा नकाशा वेगळा दिसतो; त्यावर दुकानं नसतात, फक्त मुताऱ्या असतात, आणि त्या फार लांब-लांब असतात. रात्री साडेनऊला घरी आलो तर चौकोनात फक्त आठ रेघा. सहा बाकी, अर्धा तास हातात. मला ही परिस्थिती पाठ आहे. एकतीस मार्चला रात्री अकरा वाजता दोन लाखांच्या टाचण्या खरेदी करणारी ऑफिसं मी पाहिली आहेत, त्यांना झोडपलं आहे. मी उभ्या-उभ्या पाच ग्लास रिचवले. सहाव्याला पोटातून डबक्यात म्हैस उतरल्यासारखा आवाज आला आणि मी सोफ्यावर आडवा झालो. लेकीनं फोनवरून जे सुनावलं त्यातला लिहिण्याजोगा भाग असा, की मूत्रपिंड तासाला फार तर लिटरभर पाणी काढू शकतं, त्याच्यावर भसाभस ओतत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावरही बेततं. उरलेला भाग वडील या नात्याने मी गाळतो. त्या रात्री मी पाच वेळा उठलो. पाचही वेळा गाळणी घेऊन.

याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा बर्डीला जावं लागलं. दुपारचा दीड. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि पाण्याची बाटली स्कूटरच्या डिकीत राहून तिचा चहा झालेला. एका गल्लीच्या तोंडाशी पाणपोई होती. लाल फडकं गुंडाळलेले तीन रांजण, आणि मागे एक म्हातारी लांब दांड्याचा डाव घेऊन बसलेली. मी वाकलो, ओंजळ धरली. पाण्याला वाळ्याचा वास होता. पहिली ओंजळ अर्धी कोपरातून सदऱ्यात गेली. मी थांबलो तशी म्हातारी म्हणाली, "पी ना बाप्पा, लाजतं काहून?" आणि धार चालूच ठेवली. किती प्यायलो ते देव जाणे. रेघ, ग्लास, खडा, काही डोक्यात नव्हतं.

रात्री हिशेबाला बसलो. "ओंजळीनं प्यायलो," म्हटलं.

"ओंजळ म्हंजे किती?"

मग आम्ही दोघं सिंकपाशी उभे राहिलो. मी ओंजळ धरली, तिनं दुधाची पिशवी रिकामी केली आणि किती मावतं ते पाहिलं. प्रत्येक वेळी वेगळं. बोटं आवळली तर जास्त, हसू आलं तर कमी. तिसऱ्यांदा तिलाही हसू आलं, धार हुकली, ओट्यावर पाणीच पाणी. शेवटी चौकोनात दोन रेघा ओढून तिनं बाजूला 'अंदाजे' लिहिलं. एवढ्या वर्षांत 'अंदाजे' हा शब्द मी एकाही वहीत चालवून घेतला नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला शिडकावा झाला त्या सकाळी, गाळणीत टक् झालं. तिळाहून थोडा मोठा, तपकिरी, काट्याकाट्यांचा. एवढ्याशा वस्तूसाठी एवढा पत्रव्यवहार! डॉक्टर म्हणाले, छान, पण पाणी सोडू नका, ज्याला एकदा होतो त्याला पुन्हा होऊ शकतो. म्हणून चौकोन चालूच राहिला.

त्याच चौकोनाकडे पाहताना एक दिवस माझ्यातला जुना परीक्षक जागा झाला. यात तपासणाऱ्या बाईचा रकाना कुठे आहे?

"तुझं किती होतं दिवसाला?"

"पीत असते ना मी मधे-मधे."

'मधे-मधे' या शीर्षाखाली खर्च दाखवणारी ऑफिसं मला चांगली ठाऊक आहेत. मी एक दिवस गुपचूप नोंद ठेवली. सकाळी एक कप चहा, त्यातला अर्धा गार होऊन सिंकमध्ये. गोळीबरोबर अर्धा ग्लास. कूलरला पाइप लावून टाकी भरेपर्यंत ही उन्हात उभी, तेव्हा काही नाही. दुपारी माझ्या साली मोजताना टरबुजाची एक फोड. चारला चहा. जेवताना एक ग्लास, तोही माझ्याच ग्लासातला, म्हणजे माझ्या खात्यावर. सगळं मिळून चार रेघांच्याही आत. मी रात्री तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला, घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवला, काही बोलली नाही. मी कॅलेंडरवर दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात मधोमध उभी रेघ मारून तिचा रकाना पाडला. तिला नऊ रेघा ठरवल्या.

सकाळी सातला चहा ठेवायला गेलो तर तिच्या रकान्यात नऊच्या नऊ रेघा ओढलेल्या. आडव्या-उभ्या, अगदी व्यवस्थित.

"हे काय? दिवस उगवायचा आहे अजून."

"आगाऊ लिहून ठेवल्या. पिणारच आहे ना."

"अगं, आगाऊ नोंद म्हणजे सरळ सरळ खोटं बिल झालं. नोकरी जाते याच्यात."

ती कणीक मळत होती. मळता-मळताच म्हणाली, "त्या शनिवारी तुम्ही रसवंतीचे दोन ग्लास सांगितले होते."

"मग?"

"त्यांच्या घरी लग्न होतं. रसवंती चार दिवस बंद होती."

मी पेन्सिल खिळ्याला परत अडकवली आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेलो.